दप्तरातली भरलेली बाटली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शाळेतून मूल घरी आलं की आई आधी डबा उघडून बघते. डबा संपलाय का, भाजी तशीच उरलीय का, यावरून पोराचा दिवस कसा गेला याचा तिला अंदाज येतो. पण ज्या घरात पायाने अधू मूल आहे, त्या घरात डब्याआधी पाण्याची बाटली बघावी. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. तहान लागत नाही असं नाही. आपल्याकडचा माण-खटावचा किंवा जत-आटपाडीचा उन्हाळा काय असतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. पण पाणी प्यायलं तर लघवीला जावं लागणार. लघवीला जायचं तर वऱ्हांड्याच्या पायऱ्या उतरायच्या, मुरमाचं पटांगण ओलांडायचं, तिथे धरायला काही नाही, खाली बसता येत नाही, बसलं तर उठता येत नाही. शिवाय दर वेळी कुणाला तरी 'माझ्याबरोबर चल' म्हणायचं. मग मूल एक सोपा हिशोब करतं आणि पाणीच पीत नाही. हा हिशोब त्याला कुणी शिकवलेला नसतो. पहिली-दुसरीतच ते आपलं आपण शिकतं आणि घरी सांगत नाही.

अशा मुलांबद्दल बोलायच्या आपल्या दोन ठरलेल्या रीती आहेत. एक म्हणजे 'बिचारं पोर'. ती लग्नकार्यात, बाजारात, एसटीत ऐकू येते. दुसरी म्हणजे 'जिद्दीला सलाम'. ती दहावीचा निकाल लागला की छापून येते. या दोहोंच्या मध्ये जे उरतं, म्हणजे जून ते एप्रिल, सोमवार ते शनिवार, प्रार्थनेच्या घंटेपासून शाळा सुटेपर्यंतचे सगळे तास, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आज मला तेवढ्याच तासांबद्दल बोलायचं आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली नेहमीची शाळा डोळ्यांसमोर ठेवून बोलतो आहे. ज्या मुलाबद्दल बोलतोय ते कुणी एकच मूल नाही, म्हणून त्याला नाव देत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. माझ्या पिढीला 'अधू पाय' म्हटलं की पोलिओच आठवतो. वर्गात एक-दोन तरी मुलं कॅलिपर लावून येत. १९९५ साली पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली, १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत पोलिओमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. केवढं मोठं काम झालं हे! पण त्यामुळे 'आता अशी मुलंच राहिली नाहीत' असं काहींना वाटतं. ते खरं नाही. आज वर्गात दिसतात ती सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झाल्यामुळे हातापायांवर ताबा कमी असलेली. मणक्यात जन्मतः दोष असलेली दिसतात. स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारी दिसतात. अपघातात हात किंवा पाय गमावलेली दिसतात. पोलिओच्या मुलाचं बोलणं स्वच्छ असे, अक्षर चांगलं असे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचं बोलणं बऱ्याचदा अडखळतं, चेहरा वेडावाकडा होतो, पेन्सिल हातात ठरत नाही. आणि इथे मोठी चूक होते. जीभ अडखळते म्हणजे बुद्धीही अडखळत असणार, असं धरून त्याला मागच्या कोपऱ्यात बसवलं जातं. यातल्या काही मुलांना शिकायला खरोखर वेळ लागतो, हे खरं आहे. पण बऱ्याच मुलांची बुद्धी अगदी तल्लख असते. हजेरी घेताना 'हजर' म्हणायला त्याला पाच सेकंद लागतात. ती पाच सेकंदं थांबणारे गुरुजी ज्याला भेटले, त्याला प्रश्नही विचारले जातात. ज्याला भेटले नाहीत, त्याचं नाव घेऊन गुरुजी स्वतःच 'आहे, आहे' म्हणतात आणि पुढे जातात. त्या दिवशी ते मूल शाळेत एक शब्दही न बोलता घरी जाऊ शकतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण कायदे आपल्याकडे बरे आहेत. अपंग मुलांनी शक्यतो सर्वांबरोबर शिकावं, हे कोठारी आयोगाने १९६६ साली सांगितलं. १९९५च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला, त्यात शाळेची इमारत अडथळ्याविना असावी असं स्पष्ट लिहिलं आहे. मग २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आला, त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. याच सुमारास कागदोपत्री 'अपंग'चं 'दिव्यांग' झालं. शब्द कोणता वापरावा यावर वाद घालणाऱ्यांनी जरूर घालावा. ज्या मुलाला वर्गात शिरायचं आहे त्याच्या दृष्टीने पायरी अजून तेवढीच उंच आहे.

त्या पायरीचंच बघू. शाळेच्या इमारतीचं जोतं साधारण दीड फूट धरा, म्हणजे तीन पायऱ्या. शेजारी उतार बांधायचा, ज्याला आता सगळे 'रॅम्प'च म्हणतात, तर त्याचं प्रमाण एकास बारा असावं लागतं. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट झाली. आता आपापल्या गावची शाळा आठवा आणि तिथला रॅम्प मनातल्या मनात मोजा. पुष्कळ ठिकाणी तो सहा-सात फुटांतच संपलेला असतो. इतक्या खड्या चढावर चाकाची खुर्ची ढकलायला मागे धट्टाकट्टा माणूस लागतो, आणि उतरताना त्याच्याही पोटात गोळा येतो. बाकीच्या पोरांना मात्र तो फार आवडतो, कारण त्याची उत्तम घसरगुंडी होते. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या कागदावर 'रॅम्प आहे' या रकान्यात बरोबरची खूण होते. रॅम्पवरून कुणी एकदा तरी वर गेलं का, असा रकाना कुठे नसतो.

पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे आणखी एक गोष्ट होते. जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही, गुळगुळीत सिमेंटच्या उतारावर शेवाळ धरतं. कुबडी घेऊन चालणाऱ्याने तिथे पाय ठेवायचा कसा? गवंड्याला सांगून उतारावर आडव्या रेघा मारून घेतल्या आणि दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा लावला, तर ही अडचण निम्म्याने कमी होते. कुबडीच्या टोकाला रबराची टोपी असते, ती झिजली तर कोरड्या फरशीवरसुद्धा कुबडी सटकते. ही टोपी स्वस्त मिळते, पण ती झिजली आहे हे कुणाच्या तरी लक्षात यावं लागतं. पहिल्या घटक चाचणीच्या सुमारास एकदा आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा वर्गशिक्षकांनी कुबडी उलटी करून बघितली तरी पुरे.

वर्गात शिरल्यावर बसायचा प्रश्न येतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत लहान वर्ग बस्करावर, जमिनीवर बसतात. यात आपल्या सातारा जिल्ह्याचं एक वेगळं नाव आहे. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली आणि राज्यभरातून शिक्षक त्या बघायला येऊ लागले. फरशीवर आखलेले तक्ते, मुलांचा हात पोचेल इतक्या खाली लावलेले फळे, गटागटाने जमिनीवर बसून खडे-काड्या मांडणारी मुलं, असं चित्र पुढे महाराष्ट्रात गावोगाव दिसू लागलं. मला ही पद्धत मनापासून आवडते. पण ज्या मुलाचा पाय कॅलिपरमुळे सरळ राहतो, त्याला खाली बसणं आणि उठणं ही दर वेळची कसरत असते. मग त्याच्यासाठी खुर्ची येते, ती भिंतीला लावली जाते, आणि पाटी-पुस्तक जिथे उघडलंय त्या फरशीपासून ते मूल दोन हात वर आणि चार हात लांब जातं. वर्गात असूनही गटात नाही. उपाय फार अवघड नाही. एका गटाचं काम रोज एखाद्या बुटक्या टेबलावर मांडायचं, आणि त्या गटातल्या चौघांनी स्टुलावर बसायचं. गट रोज बदलायचा. टेबल त्या एकट्या मुलाचं झालं, की त्याच्याशेजारी बसणं ही शिक्षा वाटू लागते, तेवढं सांभाळायचं.

पुन्हा स्वच्छतागृहाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त शाळा तिथे सुटतात. मुलींच्या बाबतीत तर पाचवी-सहावीनंतर हमखास. मासिक पाळी सुरू झाली की आई म्हणते, 'आता नको पाठवूया.' तिचं काय चुकलं? जिथे बसायला भांडं नाही, आत धरायला दांडी नाही, दार आत उघडतं म्हणून खुर्ची आत गेल्यावर दार लावताच येत नाही, तिथे तिने पोरीला कशाच्या भरवशावर पाठवायचं? मणक्याचा जन्मजात दोष असलेल्या काही मुलांना दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. त्यासाठी स्वच्छ, आडोशाची, हात धुवायची सोय असलेली जागा लागते. ती नसेल तर मूल दुपारपर्यंतच शाळेत थांबू शकतं. आणि दिवसभर पाणी न पिण्याचा परिणाम आज दिसत नाही, पुढे मूत्रमार्गाला वारंवार जंतुसंसर्ग होऊ लागतो, पोट साफ होत नाही, दुपारच्या तासाला डोकं दुखतं. गुरुजींना वाटतं, पोरगं लक्ष देत नाही.

काही शाळांत अशा मुलांसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधलेलं असतं. त्याला कुलूप असतं. कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, आणि आत झाडू, फुटके बाक, रंगाचे डबे असतात. कुलूप का, असं विचारलं तर 'बाकीची मुलं घाण करतात' असं उत्तर मिळतं. ते उत्तर खोटं नसतं. पण किल्ली मागायला ऑफिसात जायचं, तिथे बसलेल्या चार जणांसमोर ती कशासाठी हवी ते सांगायचं, हे दहा वर्षांच्या मुलीने करावं अशी अपेक्षा कुणी धरू नये. किल्ली तिच्या गळ्यात द्यावी. दुसरी तिच्या मैत्रिणीकडे.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न लगेच येईल. लोखंडी दांडी भिंतीत बसवणं, दार बाहेर उघडेल असं फिरवणं, कमोड बसवणं, ही काही लाखाची कामं नव्हेत. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत हा विषय निघतो तेव्हा शाळेचं नाव सहसा निघत नाही. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांनी ते काढावं.

आता खेळाच्या तासाकडे वळू. बाकीचा दिवस गैरसोयीत जातो, हा तास मात्र मनाला लागतो. शिट्टी वाजते, वर्ग मैदानाकडे पळतो आणि एक मूल झाडाखाली बसतं. त्याच्याकडे सगळ्यांच्या चपला, घड्याळं, पाण्याच्या बाटल्या सांभाळायला दिलेल्या असतात. आठवड्यातून दोन-तीन तास, दहा वर्षं चपला सांभाळायच्या. परिपाठालाही तेच. रांगेत उभं राहवत नाही म्हणून 'तू वर्गातच बस, वर्ग सांभाळ.' खरं तर परिपाठात बातम्या वाचायला, दिनविशेष सांगायला उभं राहावंच लागतं असं नाही. खुर्चीवर बसून माईकवरून वाचता येतं.

ज्या सांगली जिल्ह्यात हे घडतं, त्या जिल्ह्याने देशाला काय दिलंय ते बघा. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवलं, ३७.३३ सेकंदांत. पॅरालिम्पिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं, तो भाग वेगळा. आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी. शाळकरी वयात सायकलवरून पडून त्यांचा डावा हात मोडला, मग तो चिघळला आणि कायमचा अधू झाला. म्हणजे आज ज्या मुलाबद्दल आपण बोलतोय, तसाच तोही शाळेतला मुलगा. २०२३ आणि २०२४ साली ते गोळाफेकीत जगज्जेते झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून त्यांनी रौप्यपदक जिंकलं.

ही नावं मी 'बघा, मनात आणलं तर काय होतं' हे सांगायला घेत नाही. प्रत्येक मुलाने पदक आणावं असा आग्रह दोन पायांच्या मुलांना आपण कधी धरतो का? त्यांना पीटीचा तास मिळतो तो मोकळं व्हायला, ओरडायला, घाम गाळायला. तेवढंच याही मुलाला हवं असतं. खिलारींच्या खेळासाठी हातात एक गोळा आणि समोर मोकळी जागा लागते. शाळेच्या क्रीडासाहित्यात गोळा असतो. खुर्चीवर बसून चेंडू फेकता येतो, कॅरम खेळता येतो, सामन्याचं गुणलेखन करता येतं, पंच होता येतं. फक्त 'आज हा काय खेळणार' हा प्रश्न पीटीच्या सरांनी तास सुरू होण्याआधी स्वतःला विचारायला हवा.

मुलं स्वतः यात मोठ्यांपेक्षा फार पुढे असतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये अधू पायाचा मुलगा बॅटिंग करतो आणि धावायला दुसरा असतो. आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०११ साली 'रनर' बंद केला. आपल्या आळीतल्या पोरांनी तो अजून चालू ठेवलाय, आणि त्यावरून भांडणंही तशीच करतात. तो आऊट झाला तर आऊट असतो. दया म्हणून त्याला जीवदान मिळत नाही, आणि त्यालाही ते नको असतं.

हायस्कूलला गेल्यावर अडचणीचं रूप बदलतं. गावात शाळा चौथी-पाचवीपर्यंत किंवा सातवीपर्यंत, पुढची शाळा मोठ्या गावात. एसटीने जायचं. एसटीत अपंगांना भाड्यात पंचाहत्तर टक्के सवलत आहे, मुलींना शाळेसाठी पासच मोफत आहे. पण गाडीची पहिली पायरी चढायला हात कुणी द्यायचा? शाळा सुटायच्या वेळेला स्टँडवर गाडी लागते तेव्हा जी झुंबड उडते, तीत कुबडीवाला मुलगा कुठे उभा असतो ते एकदा बघा. तो पुढच्या गाडीची वाट बघत मागे उभा असतो. ड्रायव्हर-कंडक्टर ओळखीचे झाले की त्याला आधी चढवतात, हेही मी पाहिलं आहे, आणि असे लोक आपल्याकडे थोडे नाहीत. दप्तराचं ओझं कमी करायचा एक साधा उपाय आहे, पुस्तकांचा दुसरा संच. वरच्या वर्गात गेलेल्या कुणाची तरी जुनी पुस्तकं शाळेत ठेवली की घर ते शाळा फक्त वह्या न्यायच्या.

हायस्कुलात आणखी एक रीत आहे, ती का पडली कुणास ठाऊक. पाचवी-सहावी तळमजल्यावर, आठवी पहिल्या मजल्यावर, नववी-दहावी त्याच्याही वर. इयत्ता वाढली की मजला वाढतो. आता स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार असलेल्या मुलाचं बघा. यातला ड्युशेन नावाचा प्रकार मुलांमध्ये जास्त आढळतो. असा मुलगा पहिली-दुसरीत चालतो, थोडा डुलत, वारंवार पडत. साधारण बाराव्या वर्षापर्यंत त्याचं चालणं थांबतं. म्हणजे सातवीच्या आसपास. नेमकं तेव्हा त्याच्या वर्गाला जिना चढायचा असतो. पायांतली ताकद दर वर्षी एकेक पायरी खाली येते आणि शाळा त्याला दर वर्षी वर बोलावते. अशी मुलं शाळा 'सोडत' नाहीत. आधी आठवड्यातून एक दिवस चुकतो, मग दोन, मग परीक्षेपुरतं येणं, आणि एका जूनमध्ये कुणी नाव पुकारत नाही. यावर लिफ्ट लागत नाही. त्याची तुकडी खाली आणायची, एवढंच. वेळापत्रकाच्या फळ्यावर खोलीचा एक आकडा बदलायचा, आणि हा निर्णय मुख्याध्यापक एका दुपारी, कुणाच्याही परवानगीशिवाय घेऊ शकतात. प्रयोगशाळा वर असेल तर त्याच्यासाठी चार परीक्षानळ्या खाली आणता येतात. संगणक कक्ष तर खाली असायला काहीच हरकत नाही.

अशा मुलाला चालता येईनासं झालं की घरच्यांना सुचवलं जातं, 'घरीच शिकवा, परीक्षेला आणा.' २०१२ सालच्या दुरुस्तीने, अपंगत्व तीव्र असेल त्या मुलांसाठी घरून शिकायचा पर्याय कायद्यातच आला, आणि काही मुलांना त्याची खरोखर गरज असते. पण विशेष शिक्षक आठवड्यातून एक-दोनदा घरी येऊन गेले तरी मुलाच्या शेजारी बसायला मित्र येत नाही. माझं मत स्पष्ट आहे. खाटेवरून खुर्चीवर बसवता येतं तोवर मूल शाळेत असावं. ड्युशेनच्या मुलाच्या वाट्याला आयुष्य कमी येतं, हे त्याच्या आई-वडिलांना माहीत असतं, आणि मूल मोठं होतं तसं त्यालाही कळतं. त्याने शिकून काय करायचं, असं कुणी विचारलं तर त्याला एवढंच सांगावं की तो बारा वर्षांचा आहे आणि त्याचे मित्र शाळेत आहेत.

परीक्षेचं थोडंसं. दहावीला बोर्ड अशा मुलांना तासाला वीस मिनिटं जादा देतं. हात चालत नसेल तर लेखनिक मिळतो, तो खालच्या वर्गातला असावा लागतो. सवलती चांगल्या आहेत, पण फेब्रुवारीत धावपळ करून लेखनिक शोधला तर उपयोग होत नाही. तोंडी सांगून लिहवून घेणं ही वेगळी कला आहे. समीकरण कसं सांगायचं, परिच्छेद कुठे तोडायचा, आकृतीत कोन कुठे, हे दोघांनाही सरावाने येतं. आठवीपासून घटक चाचण्यांना हीच जोडी बसवली तर दहावीत पेपर मुलाच्या डोक्याप्रमाणे लिहिला जातो, लेखनिकाच्या डोक्याप्रमाणे नाही. आणि प्रमाणपत्राचं काम आधीच करून ठेवावं. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असेल तरच बऱ्याच गोष्टी मिळतात, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊन यायला जतच्या किंवा महाबळेश्वरच्या माणसाचा पुरा दिवस मोडतो. बहुतेक वेळा तो दिवस आईचा मोडतो.

आईबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मूल सहा वर्षांचं असतं तेव्हा ती त्याला कडेवर घेऊन शाळेत सोडते. ते दहा वर्षांचं झालं की पंचवीस-तीस किलो वजन पाठीवर घेते. कित्येक आया शाळेच्या आवारातच बसून राहतात, निवडायची भाजी, गोधडी शिवायचं काम घेऊन, कारण मधल्या सुट्टीत पोराला कुणीतरी उचलायला हवं. शेतावरचा रोजगार बुडतो. गावात तिचं कौतुक होतं, तिला 'माऊली' म्हणतात. शाळेने एक चाकाची खुर्ची, एक उतार आणि एक स्वच्छतागृह नीट केलं तर ती माऊली कामावर जाऊ शकेल आणि तिचं मूल तिच्या नजरेबाहेर, इतर मुलांसारखं थोडं वांडपणाने वाढेल. त्यालाही त्याची गरज असते.

हे काही स्वप्नरंजन नाही. शेजारच्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी ते करून दाखवलं. सोळाव्या वर्षी कमरेखालची हालचाल गेलेल्या या बाईंनी केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. उचगावला त्यांचं वसतिगृह आहे, आणि अपंग व इतर मुलं एका वर्गात शिकतात अशी शाळाही संस्थेने काढली. वसतिगृह हे आपल्याकडे नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढलं ते सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवून, कारण गावात शाळा नव्हत्या आणि होत्या तिथे सगळ्यांना प्रवेश नव्हता. पुढे त्याच रयत शिक्षण संस्थेने शाळाच गावोगाव नेल्या. अपंग मुलांच्या बाबतीत आपण अजून पहिल्या टप्प्यावर आहोत असं मला वाटतं. चांगली सोय हवी असेल तर मूल घर सोडून सोयीच्या ठिकाणी जातं.

शेवटी सहलीबद्दल. डिसेंबर-जानेवारीत शाळेची सहल निघते आणि संमतीपत्र घरी येतं. आपल्या सहली कुठे जातात? प्रतापगड, सज्जनगड, अजिंक्यतारा. सगळीकडे चढ आणि पायऱ्या. संमतीपत्र घरी येतं तेव्हा अपंग मुलाचे आई-वडील स्वतःच 'नाही' लिहून देतात, शाळेला नकार द्यायचीही वेळ येत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे सहलीच्या गोष्टी सांगतात आणि ते मूल ऐकतं. पण ठिकाण ठरवणारे आपणच ना? चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांपर्यंत गाडी जाते. कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतरावांच्या समाधीपाशी मुलांना कृष्णा-कोयनेचा संगम दाखवता येतो. आणि मिरजेची सतारमेकर गल्ली आहे. जिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती गल्ली आपल्याच जिल्ह्यातल्या किती मुलांनी पाहिली असेल? कारागीर वाळलेल्या भोपळ्याला आकार देत असतो, दुसरा तारा लावून कानाशी नेत असतो. सहल तिथे न्यायची, एका मुलाच्या हातात तंबोरा द्यायचा आणि छेडायला सांगायचं. तो बसूनच वाजवायचा असतो.